हेल्मेटची काच काळी ठेवू, पांढरी ठेवू की रंग बदलणारी घेऊ?

सिन्नरवारी
मंडळी, घर जेलरोडला आणि नोकरी मुसळगाव एमआयडीसीत. साडेसातला निघतो आणि सहा-साडेसहाला परतीला लागतो. आता जरा नकाशा डोळ्यासमोर आणा, पुणे रोड नाशिकहून सिन्नरला जातो तो आग्नेयेला, आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्यही तिकडेच सरकून उगवतो, म्हणजे शिंदे टोलनाका सोडला की मोहदरी घाटापर्यंत तो सरळ बुबुळात घुसतो. मे महिन्यात उलटं, तेव्हा तो वायव्येला मावळतो आणि मी नेमका वायव्येला घरी येत असतो. म्हणजे हिवाळ्यात सकाळी मार, उन्हाळ्यात संध्याकाळी मार.
हेल्मेट घेतलं तेव्हा दुकानदाराने स्मोक काच बसवून दिली, दिसायला एकदम झकास. सकाळी बरी पडते पण हिवाळ्यात परत येताना किर्र अंधार असतो, मग काच वर करून चालवावी लागते आणि डोळ्यात चिलटं आणि धूळ. चष्मा आहे त्यामुळे आतून गॉगल घालायचा म्हणजे कसरत.
तर दोन काचा बाळगायच्या, ती रंग बदलणारी फोटोक्रोमिक घ्यायची, की आत गॉगल असलेलं नवीन हेल्मेट घ्यायचं? वापरणाऱ्यांनी सांगा, यूट्यूब बघून झालंय.

पंचवटीकर
सातपूरला नोकरी बघ भो. सकाळी जाताना सूर्य पाठीमागे, संध्याकाळी येताना पण पाठीमागे. प्रश्न मिटला, धागा बंद करा.

आडगाव_नाका
मी दोन काचा वापरतो. पांढरी हेल्मेटला आणि काळी सॅकमध्ये जुन्या सुती बनियनमध्ये गुंडाळून. देशी हेल्मेटची साधी काच पाचशेच्या आत मिळते. सवय झाली की बदलायला मिनिटभर लागतं, पण काढताना दोन्ही बाजूचे क्लिप सांभाळून, प्लास्टिकचं असतं ते, एक तुटलं की काच एका कानावर लोंबकळते.

सिन्नरवारी
@आडगाव_नाका, वाटेत थांबून बदलता का?

आडगाव_नाका
थांबतो की. चहा होतो तेवढ्यात.

घाटवाट
@पंचवटीकर, गंमत म्हणून ठीक आहे पण सूर्य पाठीमागे म्हणजे प्रश्न मिटला असं अजिबात नाही. तुला सगळं स्वच्छ दिसतंय पण समोरून येणाऱ्याला तू दिसतच नाहीस, त्याला तुझ्यामागचा सूर्य दिसतोय. आपली सावली बघायची सवय लावा. लांबलचक सावली पुढे पडली असेल आणि तिच्याच रोखाने समोरून गाडी येत असेल तर तो ड्रायव्हर त्या क्षणी आंधळा आहे असं धरून चालायचं. विशेषतः उजवीकडे वळायला उभा असलेला रिक्षावाला. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो, पण सूर्याच्या शेजारी त्या दिव्याचं काय चालणार.
आता मूळ प्रश्न. समोर क्षितिजावर सूर्य असेल तर काळी काच फारशी कामाची नाही, कारण ती सूर्यालाही काळं करते आणि रस्त्यालाही. मुळात सूर्याचा गोळा झाकायचा असतो. काचेच्या वरच्या कडेला बाहेरून काळ्या इन्सुलेशन टेपची आडवी पट्टी लाव. साधारण दोन बोटं रुंद. गाडीवर नेहमीसारखा बसून लाव, पुढचा रस्ता बघताना पट्टी दिसता कामा नये, हनुवटी जराशी खाली केली की सूर्य पट्टीमागे गेला पाहिजे. रेसवाल्यांच्या काचेवर वर नाव छापलेली पट्टी असते ना, तिचा उपयोग हाच. खर्च वीस रुपये.

झणझणीत
वीस रुपयात प्रश्न सुटला तर आम्ही नवीन हेल्मेट कुठल्या कारणाने घ्यायचं, घरी काय सांगू.

चष्मेकाका
माझा व्यवसाय चष्म्याचा आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
फोटोक्रोमिक म्हणजे त्यातलं रसायन सूर्याच्या अतिनील किरणांनी काळं होतं. दिसणाऱ्या प्रकाशाने नाही, अतिनील किरणांनी. इथेच गोम आहे. हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची असते आणि पॉलिकार्बोनेट हे किरण जवळजवळ सगळे अडवतं. त्यामुळे चष्म्याला रंग बदलणाऱ्या काचा असतील तर हेल्मेटची काच खाली केल्यावर त्या काळ्या होतच नाहीत. कारच्या काचेमागेही तेच. दर उन्हाळ्यात गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येतात की काका, तुम्ही दिलेल्या काचा गाडीवर काळ्या होत नाहीत, बिघडल्यात. बिघडलेल्या नसतात. म्हणून दुचाकीवाल्याने त्यासाठी चष्म्यात जादा पैसे घालू नयेत, हे मी दुकानात बसून सांगतो.
हेल्मेटची काचच फोटोक्रोमिक असेल तर ती चालते, कारण ऊन थेट तिच्यावर पडतं. पण दोन गोष्टी. काळी व्हायला अर्धा-एक मिनिट आणि परत पांढरी व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ. आणि थंडीत ती जास्त गडद होते आणि उतरायला आणखी रेंगाळते, कडक उन्हाळ्यात मात्र तेवढी काळी होत नाही. म्हणजे मे महिन्यात जिथे हवी तिथे कमी आणि जानेवारीत अंधार पडताना नको तेव्हा जास्त. शिवाय काही वर्षांनी ते रसायन थकतं.

पंचवटीकर
काका, म्हणजे इंदिरानगर बोगद्यात शिरलो तर ती पांढरी होईपर्यंत मी पलीकडे गोविंदनगरला पोचलेलो असणार?

चष्मेकाका
हो. बोगदा छोटा, काच सुस्त.

झणझणीत
संध्याकाळी सहाला जा तिकडे. बोगद्यात एवढा वेळ अडकाल की काच पांढरी होऊन परत काळी होईल.

कॅम्पातली
मी स्कूटरवाली, देवळाली कॅम्प ते कॉलेज रोड रोज. सूर्यापेक्षा जास्त त्रास झाडांच्या सावलीचा होतो. ऊन-सावली-ऊन-सावली असं सपासप येतं डोळ्यावर आणि त्या सावलीतला खड्डा अजिबात कळत नाही. गॉगल घातला तर सावल्या अजूनच काळ्या होतात. यावर काय करायचं?
आणि दुसरं, आम्ही बायका आतून स्कार्फ बांधतो, त्याने श्वास वर जातो आणि काच आतून धुक्याने भरते, मग रंग कुठला का असेना दिसत काहीच नाही.

घाटवाट
@कॅम्पातली ताई, ऊन-सावलीवर काच हे उत्तर नाही, वेग कमी करणं आणि नजर लांब टाकणं एवढंच. अशा पट्ट्यात हलकी काच किंवा साफ पांढरीच बरी, कारण सावलीतला तपशील दिसला पाहिजे.
धुक्यासाठी स्कार्फ नाकाच्या खाली घट्ट आणि वर सैल असा बांधून बघा, श्वास खाली गेला पाहिजे. हेल्मेटचं हनुवटीचं भोक बहुतेक लोक बंद करून ठेवतात, ते उघडा. भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या मऊ कापडाने पुसला तरी एक-दोन दिवस भागतं. पक्का इलाज म्हणजे पिनलॉक, काचेच्या आतून दुसरी पातळ काच बसते आणि मध्ये हवेचा थर राहतो. पण त्यासाठी हेल्मेटच्या काचेला पिनांची जागा असावी लागते, स्वस्तातल्याला नसते. पावसाळ्यात कसारा घाटात मी पिनलॉकशिवाय जात नाही. तिथे ढगच रस्त्यावर बसलेला असतो, बाहेर धुकं आणि आतही धुकं.
पिनलॉकमध्ये ऊन पडलं की काळी होणारी पट्टीही येते, प्रोटेकटिंट नावाने.

सिन्नरवारी
पण काका तर म्हणाले की पॉलिकार्बोनेट अतिनील अडवतं, मग आतली पट्टी काळी कशी होणार?

चष्मेकाका
चांगला प्रश्न. मी ती हाताळलेली नाही त्यामुळे त्या वस्तूबद्दल बोलत नाही. घेणाऱ्याने आपल्याच काचेच्या मागे धरून उन्हात नेऊन बघावी आणि मगच पैसे द्यावेत.

रात्रपाळी
तुमचं सगळं उन्हाचं चाललंय. मी अंबडला रात्रपाळी करतो, मला विचारा. समोरून पांढरा एलईडी अप्पर मारत येतो तेव्हा दोन-चार सेकंद रस्ताच नाहीसा होतो. पिवळ्या काचेचा नाइट गॉगल घ्यायचा विचार आहे, द्वारका चौकात फुटपाथवर दीडशेला मिळतो, कोणी वापरलाय का?

चष्मेकाका
घेऊ नका. पिवळी काच म्हणजे शेवटी प्रकाश कमी करणारी काच. रात्री मुळात प्रकाश कमी, त्यातून आणखी कमी करायचा. पिवळ्यातून सगळं उजळ वाटतं, पण वाटणं वेगळं आणि दिसणं वेगळं. २०१९ मध्ये अमेरिकेत सिम्युलेटरवर तपासलं होतं, पिवळे गॉगल घालून रस्त्यावरचा माणूस लवकर दिसतो का म्हणून. दिसला नाही.
दिवे चांदणीसारखे फाकलेले दिसत असतील तर आधी नंबर तपासा, सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाचा नंबर, तपासायचा राहून गेलेला असतो बरेचदा. चष्मा असेल तर त्याला अँटिरिफ्लेक्शन कोटिंग, म्हणजे काचेवरची चमक मारणारा थर, घ्या, त्याचा रात्री खरा उपयोग होतो. आणि पन्नाशी ओलांडली असेल तर मोतीबिंदू बघून घ्या.

नाना_निफाडकर
मोतीबिंदूचं खरं आहे. आमचे थोरले बंधू दोन वर्षं समोरच्या गाड्यांना शिव्या देत होते की हल्ली सगळे अप्पर मारतात. ऑपरेशन झालं आणि सगळ्या गाड्या एका रात्रीत डिपरवर आल्या.
बाकी तुम्ही काळ्या काचा घालून फिरणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे या. कांद्याच्या हंगामात पिंपळगाव, लासलगावच्या रस्त्याला दिवस मावळल्यावर ट्रॅक्टर असतात, मागे ट्रॉली, ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, असला तर चिखलाने झाकलेला. उसाची बैलगाडी तर विचारूच नका. हे पांढऱ्या काचेतून ऐनवेळी दिसतं. काळ्यातून दिसत नाही. आमच्या गावचा एक पोरगा असाच ट्रॉलीखाली गेला, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण पाय अजून धड नाही. काच काळी होती. तेव्हापासून घरातल्या सगळ्या पोरांच्या काळ्या काचा मी स्वतः काढून ठेवल्यात.

सिन्नरवारी
नाना, वाचून अंगावर काटा आला.

आयएसआय_मास्तर
नानांच्या मुद्द्याला नियमाची जोड देतो. युरोपच्या आधीच्या ईसीई २२.०५ मानकात ज्या काचेतून निदान ८० टक्के प्रकाश आत येतो तीच दिवसरात्र चालायची. त्याखाली ५० टक्क्यांपर्यंतची काच फक्त दिवसा वापरायची, आणि तसा शिक्का काचेवरच मारावा लागायचा. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या अनेक काळ्या आणि आरशासारख्या काचांवर काहीच लिहिलेलं नसतं. हेल्मेटला आयएसआय मार्क १ जून २०२१ पासून सक्तीचा आहे, आयएस ४१५१, पण लोकांनी नंतर वेगळी घेतलेली काच कुठल्या मानकाची हे कोण बघतंय.
आणि एक हिशेब. काळ्या काचेच्या आत गॉगल घालणारे बरेच आहेत. काचेतून ५० टक्के आणि गॉगलमधून २० टक्के येत असेल तर डोळ्यापर्यंत १० टक्केच पोचतं. टक्क्यांचा गुणाकार होतो, बेरीज नाही.

पंचवटीकर
मास्तर, कारच्या काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये बंदी आणली, हेल्मेटच्या फिल्मवर कधी?

झणझणीत
हेल्मेट घालायलाच लोक तयार नाहीत तुम्ही फिल्मचं काय घेऊन बसलात. आठवा २०२१ चा पंधरा ऑगस्ट, नाशकात नो हेल्मेट नो पेट्रोल सुरू झालं तेव्हाची मजा. आमच्या इथल्या पंपावर एकच हेल्मेट रांगेतल्या सगळ्यांच्या डोक्यावरून फिरायचं. शेवटच्या माणसापर्यंत त्याला इतक्या जणांचं तेल लागलेलं असायचं की आणखी पेट्रोल कशाला.

रात्रपाळी
ते पंपाबाहेर दहा रुपयात हेल्मेट भाड्याने देणारा पण होता एक. त्याच्या हेल्मेटला काचच नव्हती, त्यामुळे काळी की पांढरी हा प्रश्न नव्हता.

आडगाव_नाका
विषयावर या रे. सिन्नरवारी बिचारा उद्या सकाळी परत सूर्य खाणार आहे.

लेव्हरवाला
आत गॉगलवाल्या हेल्मेटबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी तेच वापरतो. बाहेरची काच कायम पांढरी. आतला गॉगल डाव्या बाजूच्या खटक्याने खालीवर होतो, डावीकडे अशासाठी की उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो. बोगदा आला, खटका, वर. बाहेर आलो, खटका, खाली. या वेगाला रंग बदलणारी काच कधीच गाठू शकत नाही.
तोटेही सांगतो. गॉगल नाकापर्यंतच येतो, खालून उजेडाची एक फट राहते, काही जणांना ती फार खटकते, मला नाही. चष्मा असेल तर गॉगल चष्म्याच्या फ्रेमला घासतो, म्हणून दुकानात चष्मा घालून, हेल्मेट घालून, खटका खालीवर करून बघितल्याशिवाय घेऊ नका. दुकानदार कंटाळला तरी चालेल. आणि स्वस्त हेल्मेटात गॉगलला जागा करायला कपाळाजवळचा थर्माकोल पातळ केलेला असतो, तो बघा.

घाटवाट
थर्माकोलच्याच कारणासाठी मी गॉगलवालं घेत नाही. कपाळ हीच आपटायची जागा आणि तिथेच खाच. आयएसआय, ईसीई पास झालं म्हणजे सुरक्षित हे मान्य, तरी माझं मन घेत नाही.

लेव्हरवाला
मन घेत नाही हे कारण होऊ शकतं, पण ते इंजिनिअरिंग नाही. मानकाच्या चाचणीत कपाळावरही आपटतात. तुझी ती टेपपट्टी दुपारच्या उन्हात काय करते सांग ना. चांदवडच्या पुढे भर दुपारी डांबर आणि आकाश दोन्ही पांढरंफटक असतं, तिथे गोळा झाकून भागत नाही, एकूण प्रकाशच कमी करावा लागतो.

घाटवाट
दुपारी साधा गॉगल घालतो. काड्या सरळ असलेला घ्यायचा, हेल्मेट घातल्यावर सरकवता येतो. फक्त पोलराइज्ड, म्हणजे परावर्तनाची चमक गाळणारा, नको. एकतर काही गाड्यांचा डिजिटल मीटर त्यातून काळा दिसतो, हेल्मेटच्या काचेवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रस्त्यावर सांडलेल्या डिझेलची आणि पाण्याची चमक जाते. कारवाल्याला ती चमक नकोशी असते, दुचाकीवाल्याला तीच धोक्याची खूण असते.

लेव्हरवाला
हे डिझेलचं पटलं. बाकी कपाळाचं नाही.

सिन्नरवारी
गॉगल चष्म्यावर घालू कुठे घाटवाट भाऊ.

चष्मेकाका
नंबरचा गॉगल करून घ्या. फक्त उन्हासाठी. मध्यम गडद, राखाडी किंवा तपकिरी, पोलराइज्ड न करता. नंबर फार चढा नसेल तर चांगल्या हेल्मेटच्या काचेपेक्षा स्वस्त पडेल. सूर्य मावळायच्या आधी काढून साधा चष्मा घाला, अंधार पडेपर्यंत थांबू नका. डोळ्याची बाहुली काही सेकंदात मोठी होते पण आतल्या पडद्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात.

कॅम्पातली
एक राहिलं. ओरखडे. माझ्या काचेवर इतके ओरखडे आहेत की संध्याकाळी प्रत्येक दिवा कोळ्याच्या जाळ्यात अडकल्यासारखा दिसतो. सध्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, जिकडे तिकडे खोदलेलं, रोज धूळ पुसावी लागते आणि पुसल्याने अजून ओरखडे.

आडगाव_नाका
ताई, कोरडी धूळ पुसायचीच नाही. ओला मऊ रुमाल काचेवर दोन मिनिटं ठेवून द्यायचा, धूळ भिजली की हलकेच वरून खाली ओढायचा. साबण साधा, हात धुवायचा. पेट्रोल, थिनर, खिडकीच्या काचा पुसायचा स्प्रे यातलं काही लावू नका, पॉलिकार्बोनेट त्याने चिरतं. एवढे ओरखडे झाले असतील तर मात्र पॉलिश वगैरेच्या नादी लागू नका, नवी काच घ्या.

नाना_निफाडकर
आमच्याकडे द्राक्षाच्या फवारणीचे थेंबसुद्धा उडतात काचेवर. ते आधी पाण्याने धुवा, रुमाल नंतर.

सिन्नरवारी
आज रविवार, शालिमारला जाऊन पांढरी काच आणली, दुकानदार म्हणाला दादा काळीच छान दिसते, तरी पांढरीच घेतली. टेपची पट्टीही लावली. पहिल्यांदा जास्त खाली आली, गाडीवर बसलो तर पुढचा रस्ताच दिसेना, परत काढून लावली. नंबरचा गॉगल काकांनी सांगितला तसा करायला टाकतो. आतल्या गॉगलचं हेल्मेट लेव्हरवाला भाऊंचं ऐकून दुकानात घालून बघितलं, माझ्या चष्म्याला टेकतं, त्यामुळे तूर्त नाही. फोटोक्रोमिक बाद.

लेव्हरवाला
दुसऱ्या कंपनीचं घालून बघ की. सगळ्यांचं टेकत नाही.

सिन्नरवारी
बघतो दिवाळीत.

घाटवाट
टेप उन्हाने सरकते, कडेला डिंक बाहेर येतो. महिन्या-दोन महिन्याने बदल. आणि काचेची कड जिथे रबरात बसते तिथे टेप जाऊ देऊ नकोस, काच नीट बंद होणार नाही आणि पावसात पाणी आत येईल.

गंगापूररोड_नवीन
नमस्कार, आजच सभासद झालो. माझ्याकडे हाफ हेल्मेट आहे, त्याला काच नाही, वर छोटी टोपीसारखी पट्टी आहे. त्या पट्टीला टेप लावून थोडी लांब केली तर चालेल का?

आयएसआय_मास्तर
आधी हेल्मेट बदला. मग पट्टीचं बोलू.

झणझणीत
आणि बदलायला जाल तेव्हा दुकानदार काळी काच छान दिसते म्हणेल, त्याला नानांचा नंबर द्या.

नाना_निफाडकर
माझा नंबर कशाला, मी काय दुकान टाकलंय का. ज्याला काळ्या काचा हव्यात त्याने घेऊन जा, घरात पडल्यात धूळ खात.